पाना की चावी? टेबलखालच्या राउटरला क्विक-चेंज चक लावावा का

राउटर, म्हणजे लाकडात खाचा आणि कडा कापणारं मशीन, हातात धरूनच चालवत असाल आणि दिवसातून एक-दोनदाच बिट (त्यातलं फिरतं पातं) बदलत असाल, तर मूळचा कॉलेट (बिट धरणारी चिरा पाडलेली नळी) आणि दोन पाने पुरेत. चकसाठी, म्हणजे कॉलेटऐवजी एकाच चावीने बिट पटकन सोडणाऱ्या पकडीसाठी, पैसे घालू नका. हा प्रश्न खरा उभा राहतो तो राउटर टेबलखाली उलटा टांगल्यावर.

माझं काम अमळनेरच्या बाजूला. जास्त करून दारं आणि देव्हारे. निम्म्याहून अधिक लाकूड जुनं सागवान, कारण इकडे धाब्याची घरं पाडली जातात आणि त्यांतल्या कड्या, तुळया, पाट आमच्यासारख्यांकडे येतात. वरून काळं पडलेलं लाकूड रंधा मारला की आतून तेलकट, सोनेरी निघतं, वाससुद्धा शाबूत असतो. पण त्यात मोडलेले खिळे असतात. एखादा नजरेतून सुटला की कार्बाइडची धार उडते, आणि चालू कामात बिट बदलावा लागतो. त्यात पॅनलचं दार म्हटलं की उभ्या पट्ट्यांना एक बिट, आडव्या पट्ट्यांच्या टोकांना त्याचा जोडीदार, पॅनलच्या कडेला तिसरा, शेवटी गोलाईचा चौथा. जोड घट्ट बसत नाही म्हणून पुन्हा पहिला लावावा लागतो तो वेगळाच.

कॉलेटबद्दल माझ्या मनात आदर आहे. नट आवळला की तो शंकूत दाबला जातो आणि त्याच्या चिरा मिटून शँकला, म्हणजे बिटाच्या दांडीला, चहूबाजूंनी सारखं धरतो. इतकी साधी आणि इतकी खात्रीची पकड दुसरी नाही. झिजला तर नवा मिळतो, फार महागही नाही. शँक तळाशी टेकवून २-३ मिमी वर घ्यायचा आणि बिट नसताना नट कधी आवळायचा नाही, एवढं पाळलं की झालं.

मला त्रास दिला तो दुसऱ्या घट्टपणाने. ज्यांनी टेबलखाली काम केलंय त्यांना लगेच कळेल. पहिल्या झटक्यात नट सुटतो, बोटांनी फिरायला लागतो, आणि बिट मात्र हलत नाही, कारण कॉलेट अजून शंकूत रुतलेला असतो. नट आणखी थोडा फिरला की त्याची आतली कड कॉलेटला पकडते आणि पुन्हा सगळं घट्ट होतं. तिथे दुसऱ्यांदा जोर लावला की कॉलेट टकन बाहेर येतो. ही रचना मुद्दाम केलेली आहे, दोष नाही. पण हे सगळं वाकून, टेबलात बसवलेल्या, राउटर टांगायच्या पाटीच्या भोकातून दिसेल तेवढं बघत, दोन पाने एकमेकांवर दाबून करायचं. सुटण्याच्या क्षणी पाने एकदम मिटतात आणि मध्ये बोटाचं पेर सापडतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तळहात घामाने ओले असतात, पाना निसटतो. शिवाय उलट्या राउटरमध्ये कॉलेटचं तोंड वर असतं. बिट काढला की सागवानाचा तेलकट भुसा सरळ आत पडतो आणि चिरांमध्ये चिकटतो. तो न काढता आवळलं तर पकड कमी, आणि पुढच्या वेळी दुसरा घट्टपणा आणखी जास्त. भाचा मदतीला असतो, तो भुशात हात घालून विचारायचा, "दुसरा पाना कथा गया, मामा?" एका दारापायी हे पाच-सहा वेळा. उजव्या हाताच्या दोन पेरांची कातडी गेली, त्या दिवशी मी चकचा विचार पक्का केला.

चक दोन तऱ्हेचे येतात. एक, कॉलेट आणि नट काढून थेट राउटरच्या स्पिंडलवर (फिरत्या दांड्यावर) चढवायचा. दुसरा, स्वतःची दांडी असलेला, जो कॉलेटमध्येच धरायचा आणि ज्यामुळे बिट वर येतो. दुसऱ्या तऱ्हेत पकडीचे सांधे दोन होतात आणि बिट बेअरिंगपासून लांब जातो, त्यामुळे मला तो कमी पटतो. बाजूने नुसता बारीक स्क्रू टोचणारी स्वस्त एक्स्टेंशन्स तर टाळाच. ती शँकला एका अंगाला ढकलतात, आणि बिट किंचित जरी मध्य सोडून फिरला तरी कापलेल्या कडेवर लाटा उमटतात.

मी पहिल्या तऱ्हेचा घेतला. एकच एलन की (सहा कोनांची चावी), तिने चकचा स्क्रू थोडा फिरवला की बिट मोकळा. दुसरा घट्टपणा नाहीच. चक नटापेक्षा उंच असल्याने राउटर पूर्ण वर घेतला की त्याचा स्क्रू पाटीच्या वर येतो, वाकावं लागत नाही. भोक गुळगुळीत आहे, फडकं एकदा फिरवलं की साफ. थरथर मी मोजलेली नाही, पण पॅनलच्या कडेवरून नख फिरवलं तर पूर्वीपेक्षा खरबरीत काही लागत नाही.

आता अडचणी. स्पिंडलचे आटे प्रत्येक राउटरचे सारखे नसतात, मॉडेल जुळल्याशिवाय मागवू नका. उंचीमुळे पॅनलचा मोठा बिट पुरेसा खाली जात नाही. मला पाटीखाली पट्ट्या घालून राउटर उतरवावा लागला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शँकचं माप. असे चक बहुतेक अर्ध्या इंचाचे, म्हणजे १२.७ मिमीचे. आपल्या बाजारात ६, ८ आणि १२ मिमीचे बिटही सर्रास मिळतात. ६ आणि ८ ला बुश (मधली जागा भरणारी नळी) घालता येतो. पण १२ मिमीच्या शँकला १२.७ च्या भोकात बसवायचं तर बुशची भिंत ०.३५ मिमीची लागेल, ती कोण करणार? काही जण कागद गुंडाळून बसवतात. कृपा करून ते करू नका. ८० मिमीचा पॅनल बिट मिनिटाला १२,००० फेऱ्यांवर फिरतो तेव्हा त्याची धार ताशी १८० किलोमीटरने पळत असते. तो सुटला तर टेबलाशेजारी उभं राहायला जागा नाही. तुमचे बिट आधीच १२ मिमीचे असतील, तर चकचा नाद सोडलेला बरा. आणि ज्यांच्याकडे नट पाटीच्या वर आणणारी लिफ्ट आहे, त्यांचा निम्मा त्रास तसाच गेलेला असतो. त्यांनी घाई करू नये.

माझे बिट अर्ध्या इंचाचे होते, लिफ्ट नव्हती, म्हणून माझ्यापुरतं पारडं चककडे झुकलं. हातातल्या ट्रिमरवर (छोट्या राउटरवर) मात्र अजून कॉलेटच आहे आणि राहील.

एक गोष्ट चक लावल्यावरच ध्यानात आली. पाने लावायला वेळ लागायचा तेव्हा प्लग आपोआप काढला जायचा. चकवर हात इतका पटकन जातो की प्लग तसाच राहतो. दुसऱ्याच आठवड्यात भाच्याला तसं करताना मी पाहिलं आणि काम थांबवलं. आता एलन की प्लगलाच आखूड सुतळीने बांधली आहे. प्लग भिंतीतून उपसल्याशिवाय ती टेबलापर्यंत पोचत नाही.