वर्गात अंकी ॲप वापरून बघितलं, त्याचा रिव्ह्यू

मी जर्मन शिकवते, बॅचमध्ये सगळी मोठी माणसं, नोकरी सांभाळून शिकणारी. त्यांना "घरी जाऊन शब्द पाठ करा" सांगून काही होत नाही हे मला कधीच कळून चुकलंय. दोन दिवस वही भरतात, तिसऱ्या दिवशी वही कुठेय ते विचारायची सोय नसते. फोन मात्र हातातून सुटत नाही. मग म्हटलं चला, फोनच घेऊ कामाला, आणि गेल्या बॅचला अंकी हे पाठांतराचं ॲप लावलं.

नाव जपानी आहे, अर्थ पाठांतर. दिसायला इतकं रुक्ष की एकाने उघडल्यावर विचारलं, "मॅडम, हे अजून लोड व्हायचंय का?" नाही हो, असंच आहे ते. कार्टून नाही, पॉइंट नाहीत. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर असं कार्ड समोर येतं, तुम्ही मनात उत्तर द्यायचं, कार्ड उलटायचं आणि चारपैकी एक बटण दाबायचं, त्यावरून तेच कार्ड परत दहा मिनिटांनी आणायचं की दोन महिन्यांनी ते ॲप ठरवतं. हे गणित मुळात सुपरमेमो नावाच्या प्रोग्रॅममधलं, १९८७ चं. २०२३ पासून एफएसआरएस नावाचं नवीन गणितही आलंय, सेटिंगमध्ये चालू आहे का ते बघून घ्या, उगाच जादा उजळणी होत नाही.

आता माझी चूक सांगते. सुरुवातीला मी दोन हजार शब्दांचा तयार डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, उतरवून सगळ्यांना दिला. पंधरा दिवसांत निम्मी बॅच गळाली, ॲपवरून म्हणजे, वर्गातून नाही. दुसऱ्याने बनवलेलं कार्ड म्हणजे दुसऱ्याच्या परीक्षेच्या नोट्स, त्यात आपलं काहीच नसतं. मग ठरवलं, तासाची शेवटची दहा मिनिटं फोन बाहेर आणि प्रत्येकाने आज वर्गात जे बोललो त्यातली पाचच कार्डं स्वतः बनवायची. पुढच्या बाजूला फोनने काढलेला फोटो, मागे स्वतःच्या आवाजात शब्द, आर्टिकलसकट (म्हणजे शब्दाआधी लागणारं, लिंग सांगणारं डेअर, डी किंवा डास), एका दमात. मराठी अर्थ लिहायचा नाही!

मराठी का नको, तर जर्मनमधली तीन लिंगं आपल्याला समजवावी लागत नाहीत, ती आपल्याकडे आहेतच, भांडण होतं ते एकेका शब्दाशी. आपलं टेबल 'ते', त्यांचं 'डेअर टिश' म्हणजे तो. आपला सूर्य तो, त्यांची 'डी झोनं' म्हणजे ती. आणि मुलगी, जी आपल्याकडे कुठल्याही बाजूने बघितली तरी ती, ती तिकडे 'डास मेडशन', म्हणजे ते. (डास म्हटलं की प्रत्येक बॅच हसते, त्याला इलाज नाही.) कार्डावर मराठी शब्द दिसला की त्याचं लिंग चिकटलंच म्हणून समजा, फोटोला ती भानगड नाही. एकीने 'डी ट्युअर', म्हणजे दार, रेकॉर्ड करताना मागे खरंच दार आपटलं, ते तिने तसंच ठेवलं, आणि दाराला 'डी' लावायचं हे ती आता झोपेतसुद्धा चुकत नाही.

बटणांचं एक नीट समजून घ्या. आठवलंच नाही तर 'अगेन' दाबायचं. 'हार्ड' म्हणजे आठवलं, पण घाम फुटला. माझी निम्मी मंडळी नापास झाली तरी 'हार्ड' दाबत होती, कारण 'अगेन' दाबायला लाज वाटायची, अहो कोण बघतंय? मग सगळा हिशोबच बिघडतो.

दुसरं, दिवसाला २० नवीन कार्डं हा डिफॉल्ट आकडा ५ वर आणा. २० ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण त्यांची उजळणी मागून साचत जाते. एका गृहस्थांनी ऐकलं नाही, त्यात मध्ये दोन आठवडे सुट्टी घेतली, परत आले तर समोर २०० कार्डं, आणि २०० ही नुसती उजळणीची रोजची मर्यादा बरं का, खाली अजून होतीच. ॲप बंद करून ठेवलं ते ठेवलंच.

अंकीने बोलता येत नाही, हेही स्पष्ट सांगते. शब्द आठवतो, तो वाक्यात वेळेवर तोंडातून निघणं वेगळं. त्यासाठी मी साध्या व्हॉइस नोटा मागवते, आठवड्याला एक, एक मिनिटाची, लिहून वाचलेली चालणार नाही. वाचलेली लगेच ओळखू येते, कोणी इतकं न अडखळता बोलतच नाही. तरी ॲपवर रागावू नका, माझ्याकडे एक विद्यार्थी दुसऱ्या कुठल्याशा ॲपवर दोनशे दिवसांची स्ट्रीक, म्हणजे एकही दिवस न चुकवता केलेला अभ्यास, घेऊन आला होता, त्याला "मला उशीर झाला" म्हणता येईना. निदान अंकी तरी शाबासकी देऊन फसवत नाही.

अँड्रॉइडवर फुकट आहे, ते स्वयंसेवकांनी चालवलेलं वेगळं ॲप आहे. आयफोनवर एकदाच पैसे भरावे लागतात, नाहीतर ब्राउझरमधून फुकट चालतं, उजळणीपुरतं भागतं. एक गंमत, याचा दिवस रात्री बाराला नाही, पहाटे चारला बदलतो, त्यामुळे रात्री जागून उरकणाऱ्यांची चैन आहे.

पाचपैकी चार. पुढच्या बॅचलाही हेच लावणार, तयार डेक मात्र कोणी कितीही मागितला तरी देणार नाही.