विजेवरचे गवत कापण्याचे यंत्र: मनोरीच्या घरी नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या दसऱ्याला आम्ही मुंबईतल्या मनोरी गावातल्या नव्या घरी राहायला आलो, तेव्हा घराभोवतीची तीन हजार चौरस फूट जागा हिरवळीसाठीच ठेवायची हा हट्ट माझा होता, हे आधीच कबूल करतो. नर्सरीवाल्याच्या सल्ल्याने सिलेक्शन वन जातीचे गवत लावले. ते हरळीच्या कुळातले असल्यामुळे बोअरिंगचे मचूळ पाणी बऱ्यापैकी सोसते. मात्र त्याला दिवसभर ऊन हवे असते, त्यामुळे आंब्याखालचा तुकडा दोन महिन्यांतच उघडा पडला. डिसेंबरात 1,200 वॅटचे, 32 सेंटीमीटर रुंदीचा पट्टा कापणारे यंत्र घेतले आणि मार्व्याहून तरीने खाडी ओलांडून घरी आणले. रस्त्याने भाईंदर-उत्तनचा वळसा वाचेल एवढे ते हलके आहे, ही त्याची पहिली जमेची बाजू.

कोरड्या दिवसांत यंत्राने मला कधीही निराश केले नाही. दर दहा-बारा दिवसांनी सकाळचे दव वाळल्यावर सव्वा तासात सगळी हिरवळ कापून होते. त्रास आहे तो वायरचा. सुरुवातीला घरात होती तीच बारीक एक्स्टेन्शन वायर वापरली, तर ती हाताला गरम लागू लागली आणि यंत्राचा जोरही कमी झाला. इलेक्ट्रिशियनकडून जाड वायर आणि बाहेरच्या सॉकेटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतला, आणि हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा असे माझे मत आहे. कापायला नेहमी सॉकेटच्या बाजूने सुरुवात करून दूर जात राहावे, म्हणजे वायर कापलेल्या भागावर पडून राहते आणि पात्याखाली येण्याची भीती उरत नाही.

मार्चमध्ये गवताचे शेंडे पांढरट होऊन मग तपकिरी पडू लागले. उन्हाळ्यात बोअरिंगचे पाणी अधिक खारट होते, म्हणून मी दोष पाण्याला दिला आणि दहा-दहा हजार लिटरचे दोन टँकर मागवले. तीन हजार चौरस फुटांवर एका वेळी 10 मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तरी सुमारे 2,800 लिटर लागते, म्हणजे एक टँकर जेमतेम तीन-चार पाळ्यांना पुरतो. पैसे गेले, शेंडे होते तसेच राहिले. शेवटी आमच्या माळीकाकांनी कुंपणाच्या कडेची, जिथे यंत्र पोहोचत नाही तिथली, दोन पाती आणि मधली दोन पाती तोडून माझ्या तळहातावर ठेवली. पाणी दोन्हीकडे तेच होते. पण कडेची पाती टोकापर्यंत हिरवीगार होती, तर मधल्या पात्यांची टोके कापलेली नसून फाटलेली होती, आणि त्यांतून बारीक धागे लोंबत होते. दोष यंत्राच्या पात्याचा होता. ते बोथट झाले होते.

तेव्हापासून दर महिन्याला प्लग काढून पाते सोडवतो, कानशीने दोन्ही टोकांना सारखी धार लावतो आणि मधल्या छिद्रातून ते भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून पाहतो. एक बाजू खाली झुकली, तर त्या बाजूचे थोडे लोखंड आणखी घासायचे; नाहीतर यंत्र थरथरते. हे दहा मिनिटांचे काम माहितीपुस्तिकेत अर्ध्या ओळीत उरकले आहे, याचा मला अजूनही राग येतो.

मुंबईत पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून, आणि तिथून पुढे यंत्राची परीक्षा सुरू होते. गवत वर्षात सर्वांत जोमाने वाढते तेच हे दिवस, आणि विजेचे यंत्र बाहेर काढता येत नाही तेही हेच. जुलैमध्ये सलग नऊ दिवस संततधार होती. उघडीप मिळाली तेव्हा गवत घोट्यापर्यंत आले होते. एका खेपेत पात्याच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये, म्हणून यंत्राची उंची ठरवणाऱ्या खाचांपैकी सर्वांत वरच्या खाचेवर एकदा आणि तीन दिवसांनी खालच्या खाचेवर पुन्हा असे कापले. गवत वरून वाळलेले दिसले तरी बुडाशी ओलच होती. त्या ओल्या गवताचा लगदा यंत्राच्या पोटात असा घट्ट बसला, की प्लग काढून लाकडी उलथन्याने खरवडावा लागला. पुढच्या खेपेला गावातल्या पेट्रोलच्या ब्रश कटरवाल्याला बोलावले. त्याने काम अर्ध्या तासात केले खरे, पण दोन ठिकाणी पार मातीपर्यंत भादरले.

लव्हाळ्यावर मात्र कोणत्याच यंत्राचा इलाज चालत नाही. वरून कापला तरी जमिनीतल्या गाठींतून तो चार दिवसांत हिरवळीच्या वर डोके काढतो, आणि त्याला खुरपेच लागते. खाऱ्या हवेने चाकांचा आस गंजला आहे. दर खेपेला शिलाई मशीनचे तेल सोडल्यावर तो फिरतो.

तेवढ्याच पैशांत आज पुन्हा घ्यायचे झाले, तर यंत्र हेच घेईन, हिरवळ मात्र निम्मी करीन. पाऊस थांबल्यावर आंब्याखालचे आणि विहिरीकडचे गवत काढून तिथे थोडी सावली सोसणारी हळद आणि कर्दळ लावण्याचे ठरले आहे. खड्डे किती आणि कुठे, हे माळीकाकांनी चुन्याने आखूनही ठेवले होते, ते परवाच्या सरीत वाहून गेले.