बिडाची कढई, दहा महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीनंतर माझं हिमोग्लोबिन 9.1 आलं. मी साताऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या रिपोर्टवर हा आकडा मीच टाकते, बाईला किमान 12 हवं हे मला पाठ आहे. मग फेरिटिन पाहिलं, म्हणजे शरीराच्या कोठारात लोह किती उरलंय ते. 6 निघालं. 15च्या खाली गेलं की कोठार रिकामंच समजायचं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि त्याच आठवड्यात मी ही कढई आणली. बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाची, दहा इंची, पावणेतीन किलोची, 1,450 रुपयांना.

दुकानदार म्हणाला होता, "तयार करूनच दिलीय ताई, धुवा आणि वापरा." तसं काही नव्हतं. पहिलंच पिठलं तळाला चिकटून बसलं आणि जिभेवर गंजाची चव राहिली. मग सासूबाईंनी कढई ताब्यात घेतली. दोन दिवस तिच्यात भाताची पेज उकळली. नंतर शेंगदाणा तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर निघेपर्यंत तापवली, गार केली, परत तेल, परत आच, असं चार-पाच वेळा. शेवटी मूठभर कांदा काळा होईस्तोवर परतून टाकून दिला. "अगं, बिडाला घाई चालत नाही," एवढंच म्हणाल्या. आता घावनसुद्धा अलगद सुटतं.

कढईतून लोह मिळतं का? मिळतं. इथिओपियात काही घरांना लोखंडी आणि काहींना ॲल्युमिनियमची भांडी देऊन हे तपासलं गेलंय. लोखंडी भांड्यातलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन जास्त वाढलं. 1999 साली हा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पण तुम्ही काय शिजवता त्यावर सगळं आहे. बटाट्याच्या काचऱ्यांत फारसं उतरत नाही. चिंच घातलेलं अळूचं फदफदं किंवा टोमॅटोचं सार मात्र चांगलं लोह ओढून घेतं, कारण तिथे पाणी, आंबटपणा आणि वेळ तिन्ही असतात. फदफदं काळपट होतं, त्याला घाबरू नका. शिजलं की लगेच स्टीलच्या पातेल्यात काढा. कढईत तसंच राहिलं तर चव बिघडते आणि तेलाचा बसलेला थरही जातो.

भाजीत उतरलेलं सगळंच लोह रक्तात जात नाही. कलेजीतलं लोह शरीर सहज घेतं, कढईतलं तसं घेत नाही. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात ते शोषलं जायचं तर आधी त्याचं रूप बदलावं लागतं, आणि क जीवनसत्त्व त्याला मदत करतं. म्हणून आमच्याकडे आता आंबट दोनदा लागतं. चिंच शिजताना, कढईतून लोह काढायला. लिंबू ताटात, तेच लोह आतड्यात उपयोगी पडावं म्हणून. लिंबू कढईतच उकळलं तर क जीवनसत्त्व बरंचसं उष्णतेने जातं.

याच्या उलट काम चहा करतो. त्यातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. जेवून उठलं की चहा ही माझी वीस वर्षांची सवय, ती मोडायला कढई तयार करण्यापेक्षा जास्त दिवस लागले. आता चहा चारला. बाजरीत, मटकीत फायटेट नावाचे घटक असतात, तेही लोह अडवतात. मटकीला मोड आणले की ते कमी होतात.

गोळ्या एक दिवसाआड होत्या. लोहाचा मोठा डोस गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि आतडं साधारण दिवसभर लोह कमी घेतं, म्हणून मध्ये एक दिवस मोकळा. तीन महिन्यांनी 11.8, सहा महिन्यांनी 12.6, मग गोळ्या बंद. त्याला चार महिने झाले, परवा तपासलं तर 12.4 आणि फेरिटिन 31. आकडा चढला तो गोळ्यांमुळे, यात मला शंका नाही. तो टिकला त्यात कढईचा किती वाटा आणि चारच्या चहाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. कढई आणली म्हणून गोळ्या सोडू नका.

जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. त्यामुळे घरात थॅलेसेमियाचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) किंवा हिमोक्रोमॅटोसिसचा (यात शरीर गरजेपेक्षा जास्त लोह साठवतं) रुग्ण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. थॅलेसेमिया मायनरमध्येही, म्हणजे त्याच आजाराच्या सौम्य प्रकारात, हिमोग्लोबिन कमी दिसतं, आणि फेरिटिन न बघता नुसत्या लोहाच्या गोळ्या खात राहिलेली माणसं लॅबमध्ये आली की माझा जीव तुटतो. आधी ती तपासणी करा, मग कढई घ्या.

कढईला गुण द्यायचे तर पाचात चार. एक गुण कानांसाठी कापला. ते इतके आखूड आहेत की जाड फडकं नीट बसत नाही, दोनदा बोटं भाजली. घासायला नारळाची शेंडी पुरते, तारेची घासणी अजिबात नको. धुतल्यावर गॅसवर कोरडी करून तेलाचं बोट फिरवायचं, पावसाळ्यात हे एक दिवस चुकलं तरी कडेला तांबूस दिसतं. भरलेली कढई सासूबाईंना आता उचलत नाही. त्यांच्यासाठी आठ इंची बघतेय, लांब दांड्याची.