‘लाइफटाइम’ फोटोशॉप 1,500 रुपयांत

दारव्हा तालुक्यात माझं छोटं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका, लग्नाचं शूटिंग अन् पावसाळ्यात पीक विम्याचे फॉर्म. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एकाने 1,500 रुपयांत ‘ओरिजिनल, लाइफटाइम’ फोटोशॉप देतो म्हटलं. बिल मागितलं तर म्हणे, “बिल कायले पायजे भाऊ, मी हावो ना!” तिथंच नाही म्हणायला हवं होतं.

पैसे घेऊन त्याने व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवली. झिप फाइल, तिला पासवर्ड. “आधी अँटिव्हायरस बंद करजो, मंग टाकजो.” कोणी असं सांगितलं तर हात तिथंच थांबवा. अशा झिपला पासवर्ड लावतात तो अँटिव्हायरसला आत पाहता येऊ नये म्हणून.

फाइल चालवली अन् विंडोज अपडेटची खिडकी आली. टक्के पुढे सरकत होते. अपडेट होतंय समजून मी गिऱ्हाइकाचे फोटो कापत बसलो. ते अपडेट खोटं होतं. त्याच्याआड एकेक फाइल कुलूपबंद होत होती. थोड्या वेळाने पाहतो तर एकही फोटो उघडेना, प्रत्येक नावाच्या शेवटी चार अनोळखी अक्षरं. बॅकअपची हार्ड डिस्क जोडलेलीच होती, तीही गेली. फोल्डरा-फोल्डरात इंग्रजी चिठ्ठी: 980 डॉलर द्या, 72 तासांत संपर्क केला तर 490. म्हणजे निम्मे धरले तरी आपले चाळीस हजार.

मागून कळलं, हे ‘स्टॉप’ नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम. तो बहुतेक क्रॅकमधून, म्हणजे कुलूप तोडलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरमधून पसरतो. कधी कधी पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही सोबत आणतो. माझ्याकडे शेतकऱ्यांचे आधार, सातबारा, पासबुकं होती, विश्वासाने दिलेली. रातोरात बायकोच्या मोबाइलवरून मेलचे, बँकेचे सगळे पासवर्ड बदलले. सायबर गुन्ह्यांच्या 1930 हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. खंडणी भरली नाही. भरूनही फाइली मिळतीलच याची हमी कोण देणार? ‘नो मोअर रॅन्सम’च्या संकेतस्थळावर काही फाइलींची किल्ली फुकट मिळते, माझ्या फाइलींची नव्हती. लिंक देणारा म्हणतो, “म्या तं फक्त लिंक देली.”

आता फोटोचं काम गिम्पवर करतो. फुकट आहे, अधिकृत आहे, अन् पासपोर्ट फोटोला पुरून उरतं. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवतो.

एका मावशीच्या पोरीच्या लग्नाचा अल्बम द्यायचा राहिला होता. आजी नातीला हळद लावतानाचे फोटो त्यात होते. आजी दिवाळीत गेल्या. मावशी दुकानात येऊन म्हणाल्या, “एक तरी निंघन का रे बाप्पा?” कुलूपबंद फोटोंची ती डिस्क मी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. किल्ली आली का, दर महिन्याला पाहतो.