जुन्या रॅमशेजारी दुसरी, की नवी जोडी?

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन घरांतून मला एकच प्रश्न आला. इंदूरच्या लोकमान्य नगरातला मावसभाऊ, म्हणजे दादा, आणि सुदामा नगरातली भाची, दोघांकडे ८ जीबी रॅमची एकेक स्टिक, म्हणजे पट्टी, आणि दोघांना १६ हवी. जुनी ठेवून शेजारी वेगळ्या कंपनीची टाकायची, की ती काढून एकसारखी जोडी घ्यायची? दोघांना मी वेगवेगळी उत्तरं दिली, कारण दोघांचे प्रोसेसर आणि बोर्ड वेगळे होते.

दादाचं मशीन म्हणजे इंटेलचा आय५-८४०० प्रोसेसर, एच३१० बोर्ड, दोनच स्लॉट आणि २४०० वेगाची डीडीआर४, म्हणजे चौथ्या पिढीची रॅम. कॉम्प्युटरच्या दुकानांच्या सिल्व्हर मॉलमध्ये आज डीडीआर४ मागितली की बहुतेक वेळा ३२०० ची हातात येते. मिसळली की दोन्ही स्टिक हळू असलेलीच्या वेगाने, म्हणजे २४०० ने चालणार. पण ३२०० ची कोरी जोडी आणली असती, तरी तो प्रोसेसर २६६६ च्या वर जात नाही. फरक पडला असता जेमतेम ११ टक्के. टॅली, जीएसटीचं पोर्टल आणि ब्राउझरचे पंधरा टॅब उघडून बसणाऱ्या माणसाला तो कळतही नाही. त्याला कळतं ते मशीन हँग व्हायचं थांबणं, आणि ते ८ चे १६ झाल्याने होतं. शिवाय २४०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी वाहते. सारख्या क्षमतेच्या दोन झाल्या की ड्युअल चॅनेलमुळे, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी दोन वाटांनी चालल्याने, ३८.४. त्यासाठी कंपनी एकच असावी लागत नाही. ८ सोबत १६ टाकली, तर इंटेलच्या बोर्डावर ८ अधिक ८ जोडीने चालतात आणि उरलेले ८ एकटे. तेही वाईट नाही.

भाचीकडे एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. तिथे ग्राफिक्सही रॅममधूनच खातं आणि प्रोसेसर ३२०० घेतो. म्हणजे २४०० वर अडकणं हे खरं नुकसान, कारण ३२०० त्यापेक्षा एक तृतीयांश जास्त आहे. पण मला विचारण्याआधीच तिने जुनीच्या शेजारी ३२०० ची एक स्टिक बसवून आणली होती. दुकानात सांगितलं, ‘चल जाएगा भिया, सब चलता है.’ चाललंही. मग तिने बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला तिच्या जास्तीच्या वेगावर नेणारी तयार सेटिंग) चालू केलं आणि एक्स्पोर्ट अर्ध्यावर तुटायला लागला. एक्सएमपीने नव्या स्टिकचा वेग आणि १.३५ व्होल्ट दोघींवर लादले, जुनी मात्र १.२ व्होल्टवर २४०० साठीच बनलेली. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावल्यावर दुसऱ्या फेरीत लाल ओळी. एक्सएमपी बंद केल्यावर सगळं स्वच्छ, पण वेग पुन्हा २४००. अशा मशीनला सीलबंद जोडीच घ्यावी. दुकानदाराने ती ३२०० ची स्टिक परत घेऊन, वरचा फरक भरून जोडी दिली.

मिसळणार असाल तर दुकानात जाण्याआधी कॅबिनेट उघडून जुन्या स्टिकरचा फोटो काढा. भाचीच्या जुनीवर होतं ‘१आरएक्स८ पीसी४-२४००टी-यूए२-११’. पीसी४ म्हणजे डीडीआर४. डीडीआर३ किंवा ५ ची खाच वेगळ्या जागी असते, बसतच नाही. आकड्यामागचा ‘यू’ बघाच. तिथे ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची रॅम. सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळते, स्लॉटमध्ये बसते, पण घरच्या बोर्डावर डिस्प्लेच येत नाही. त्यानंतर क्षमता आणि व्होल्टेज जुळवा. कंपनीचं नाव शेवटी.

डीडीआर५ वाल्यांनी मात्र दोनाच्या चार स्टिक करताना थांबावं. रायझन ७००० प्रोसेसरची वेगाची अधिकृत मर्यादा दोन स्टिकना ५२०० आहे आणि चार लावल्या की ३६००. तिथे एकसारख्या चारही मदत करत नाहीत. मोठ्या क्षमतेच्या दोनच घ्याव्यात.

दादासाठी शेवटी काही विकत घ्यावं लागलं नाही. भाचीची निघालेली २४०० ची स्टिक मी रविवारी त्याच्याकडे नेली. सोनेरी दात्यांवरून खोडरबर फिरवला, भुसा फुंकला आणि क्लिप ‘टक्’ वाजेपर्यंत दाबली. त्याच्या जुनीवर २आरएक्स८, हिच्यावर १आरएक्स८, म्हणजे चिपची मांडणी वेगळी, आणि कंपन्याही दोन. म्हणून रात्री मेमटेस्ट लावूनच घरी आलो. सकाळी दादाचा फोटो आला: चार फेऱ्या पूर्ण, चुका शून्य.