बाजाराच्या दिवशीची कोंडी: चौकात कॅमेरा लावावा की एसटीचा जीपीएस वापरावा?

तालुक्याच्या गावात बाजाराच्या दिवशी स्टँड ते मुख्य चौक हा रस्ता तुंबतोच. किती वाजता तुंबेल, हे मशीन लर्निंगने आधी ओळखायचं तर माहितीच्या वाटा दोन: चौकातला कॅमेरा, नाहीतर एसटीच्या गाड्यांमधलं जीपीएस.

कॅमेरा सगळीच वाहनं बघतो, हे त्याचं मोठं बळ. अर्ध्या तासाने एक गाडी जाणाऱ्या रस्त्यावर एसटी दोन गाड्यांच्या मधल्या वेळेचं काहीच सांगत नाही. मिनिटामिनिटाला सिग्नल बदलायचा असेल तर कॅमेराच घ्यावा.

पण आपल्याकडे कापसाच्या हंगामात त्याची फजिती होते. चित्रातल्या वस्तू ओळखणारं तयार योलो मॉडेल सहसा कोको या नावं लावलेल्या फोटोंच्या संग्रहावर शिकलेलं असतं आणि त्याच्या 80 वर्गांत ऑटो नाही, ट्रॅक्टर नाही, बैलबंडीही नाही. बैल गायीत मोजले जातात. मागची कापसाने भरलेली बंडी, जी खरा रस्ता अडवते, ती गणतीतच येत नाही. ट्रॉली कधी ट्रक ठरते, कधी काहीच नाही. स्वतःचे फोटो काढून, त्यांवर चौकटी आखून मॉडेल पुन्हा शिकवता येतं, पण दुसऱ्या चौकात कोन आणि ऊन बदललं की बरंचसं काम परत करावं लागतं. माझ्यासाठी तरी पारडं इथंच एसटीकडे झुकतं.

एसटीपुढे बंडी आहे की ट्रॉली, याने फरक पडत नाही. 500 मीटरला ताशी 20 किलोमीटरने दीड मिनिट लागतं, ताशी 6 ने पाच मिनिटं. कोंडी ओळखायला तेवढं पुरे. मात्र साफसफाई नीट हवी. रेंज गेली की यंत्र नोंदी साठवतं आणि नंतर एकदम पाठवतं. म्हणून सर्व्हरवर पोचल्याची वेळ न घेता जीपीएसची घ्यावी. ती यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असेल तर 5 तास 30 मिनिटं मिळवावीत. हात दाखवला की एसटी थांबते, तेही मॉडेलला कोंडीच वाटतं. त्यामुळे एकाच वाराच्या, एकाच तासाच्या काही आठवड्यांच्या फेऱ्या घेऊन सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातली मधली किंमत, काढावा. स्टँडच्या फाटकाजवळचा तुकडा वगळलेलाच बरा.

मॉडेल म्हणून रँडम फॉरेस्ट, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांचा मिळून अंदाज देणारी पद्धत, पुरतं. त्याला वार, तास, बाजार, सण आणि जिनिंग सुरू आहे की नाही एवढं द्यावं. चाचणीला शेवटचे आठवडे बाजूला ठेवावेत. नोंदी पिसून वाटल्या तर एकाच दिवसाच्या फेऱ्या शिकवणी आणि चाचणी दोन्हीकडे जातात आणि अचूकता उगाच फुगते. शिकवण्याच्या डेटात कापसाचा एक हंगाम हवाच, नाहीतर दिवाळीनंतर अंदाज कोसळतात.

डेटा मागताना नगरपंचायतीचं पत्र जोडून एसटीच्या विभाग नियंत्रकांकडे अर्ज करावा आणि वाहन क्रमांक, जीपीएस वेळ, अक्षांश, रेखांश, वेग हे पाचच रकाने मागावेत.