घरचं टेबल की पुण्याची कॉट?

मावशीचा मुलगा बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा त्याचा फोन आला, "अक्का, पायथन शिकायला पुण्याला जाऊ, का इथंच बसून ऑनलाइन करू?" पायथन ही संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची भाषा. ती शिकायला मी दोन्ही केलंय. आधी सोलापुरात घरी बसून, मग पुण्यात क्लास लावून. फोनवर त्याला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

पैशांचा हिशोब लवकर संपतो. एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचा २००३ सालापासूनचा ऑनलाइन शिकवण्याचा उपक्रम. त्याचे कोर्स आता केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावर चालतात. नाव नोंदवायला, व्हिडिओ बघायला एक रुपया लागत नाही. सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेचे १,००० रुपये भरायचे आणि केंद्रावर जाऊन पेपर द्यायचा. पुण्यात मात्र क्लासची फी, कॉट बेसिसवरची जागा, मेस आणि महिन्यातून एकदा हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट. शिवाय घरून कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा आला तरी तो चार दिवसांत रूममेट संपवतात, हा खर्च कुणी धरत नाही.

अभ्यासक्रमातही फार फरक नाही, हे मला पुण्यात दुसऱ्याच आठवड्यात कळलं. सर जे फळ्यावर लिहीत होते ते मी घरी फुकट बघितलेलं होतं, तेही थांबवून, मागे नेऊन. क्लासच्या जाहिरातीत 'शंभर टक्के जॉब' होतं. आमच्या बॅचमधल्या किती जणांना लागला, ते विचारलं की ऑफिसातल्या मॅडम हप्त्याची तारीख विचारायच्या.

मग पुण्याला जायचंच कशाला? थांब, घरची बाजूही ऐक.

घरी मी बारा आठवड्यांचा कोर्स घेतला होता. जानेवारीत सुरू झाला, म्हणजे पहिली असाइनमेंट नेमकी गड्ड्याच्या जत्रेत. ती बुडाली. मग ज्या दिवशी नळाला पाणी, त्या दिवशी अभ्यास नाही. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे घागरीपासून टाकीपर्यंत सगळं भरून घ्यावं लागतं. घरात लॅपटॉप उघडून बसलेली मुलगी ही घरच्यांच्या लेखी रिकामी मुलगी असते. आई विड्या वळत असायची. तिला ठरलेल्या वेळी माल द्यायचा असायचा, तेव्हा सूप जरा सरकव, पानं भिजव, हे मीच करणार. मावशीच्या मुलाला हा त्रास कमी होईल. त्याला कुणी पानं भिजवायला सांगत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

पण मला आडवी आली ती असाइनमेंट. अडलं की मी प्रश्न चॅटजीपीटीला चिकटवायचे आणि उत्तर उतरवायचे. एनपीटीईएलमध्ये असाइनमेंटला २५ गुण आणि परीक्षेला ७५. दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं, परीक्षेत किमान ३०. माझे असाइनमेंटचे गुण बघून वडिलांनी कारखान्यात पेढे वाटायची तयारी केली होती. परीक्षेत मिळाले २७. केंद्रातल्या त्या संगणकावर विचारायला कुणी नव्हतं, आणि प्रोग्रॅम चुकला की संगणक जो एरर, म्हणजे चुकीचा संदेश, दाखवतो तो तीन महिन्यांत मी स्वतः एकदाही शेवटपर्यंत वाचलेला नव्हता.

त्याच काळात घडलेली एक गोष्ट मात्र पुण्यात मिळाली नसती. वडील चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर असतात. एकदा डबा द्यायला गेले तेव्हा त्यांनी जॅकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्रावर, चढलेली पुठ्ठ्यांची माळ दाखवली. पुठ्ठ्याला भोक असेल तर सुई आरपार जाते, हूक जागेवर राहतो आणि वर जाताना ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलतो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, हूक सुटतो, धागा खालीच. भोक म्हणजे हो, भोक नाही म्हणजे नाही. मोर उमटतो तो असा, ओळीमागून ओळ. शून्य आणि एक कॉलेजात तीन वर्षं ऐकलं होतं, समजलं त्या खटखटाटात. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला निघालेल्या या यंत्राच्या पुठ्ठ्यांवरूनच चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या गणनयंत्राला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी सूचना द्यायची कल्पना उचलली, हे नंतर वाचलं. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "मग फी कशाला भरायची?"

पुण्यात फी भरून मला जे मिळालं ते सरांनी दिलेलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर लातूरची एक मुलगी बसायची. माझा प्रोग्रॅम फसला की मी सवयीने स्क्रीन खाली करायचे. ती वर करायची आणि म्हणायची, "काय म्हणतोय? मोठ्यानं वाच." मला लाज वाटायची. एरर इंग्रजीत, डोकं मराठीत, घरी आईशी तेलुगू. मोठ्यानं वाचलं की उच्चार उघडा पडतो. पण तिसऱ्या-चौथ्या वेळी वाचता वाचताच चूक दिसली. ओळ सतरा, कंस बंद नाही. तिने काही सांगितलंच नव्हतं.

सोलापुरातही अभ्यासिका आहेत, तिथं का नाही बसलीस, असं तो विचारेल. बसले. तिथं सगळे एमपीएससीवाले. खुर्ची सरकली तरी माना वळतात, एरर कुठं वाचणार?

तेव्हा माझं मत असं: आधी घरून एक कोर्स पूर्ण कर, परीक्षेसकट. २७ मिळाले तरी चालतील. ज्याचं घरी स्वतः करताना काहीच अडलेलं नाही, त्याला पुण्यात काय विचारायचं हेच कळत नाही. आमच्या बॅचमधले असे निम्मेजण फी भरून नुसते वहीत उतरवून घ्यायचे. स्वतः बनवलेलं काहीतरी हातात असेल, मग ते कारखान्यातल्या चादरींचा हिशोब ठेवणारं का असेना, आणि पुढे कुठं अडतंय हे सांगता येत असेल, तर खुशाल जा. आणि हप्ते भरायला कर्ज काढावं लागणार असेल तर जाऊच नको, यात मी घासाघीस करणार नाही.

राहिला प्रश्न शेजारच्या खुर्चीचा. जुलैचा कोर्स घे आणि दर रविवारी रात्री नऊला मला फोन लाव. मी उत्तर सांगणार नाही, तू नुसता एरर मोठ्यानं वाचायचा. त्या दिवशी नळाला पाणी असेल तर दहाला.